ढवळ्या, पवळ्या आणि आपला कट्टा

मित्रांमुळे आपण बदलतो, की आपण आपल्यासारखेच मित्र शोधतो? घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं. संशोधकांचं उत्तर मात्र थोडं वेगळं आहे आणि ते विशी-बाविशीतल्या प्रत्येकाने एकदा ऐकायला हवं.

फ्रेंडशिप डे होऊन आठवडा झाला. मनगटावरचे बँड सुटले, टी-शर्टवर मार्करने लिहिलेली नावं पहिल्याच धुण्यात फिकी पडली आणि स्टोरीज तर चोवीस तासांत गायब झाल्या. आता गोंधळ संपलाय, तर जरा निवांत बोलू या.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' ही म्हण ऐकली नाही असा मराठी घरातला मुलगा किंवा मुलगी शोधून सापडणार नाही. आणि ती बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच ऐकवली जाते. मार्क घसरले की, केस रंगवले की, रात्री अकराला घरी आलं की. गंमत अशी, की त्याच वेळी आपला मित्रही त्याच्या घरी हीच म्हण ऐकत असतो. त्याच्या घरच्यांच्या लेखी तो ढवळ्या म्हणजे आपणच!

विनोद सोडा, पण म्हणीत एक बारकावा आहे. पवळ्याचा वाण, म्हणजे रंग, बदलला नाही. बदलले ते गुण. शेजारी राहून काय बदलतं आणि काय बदलत नाही, हा फरक आपल्या पूर्वजांनी एका ओळीत करून ठेवला. मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं याच फरकाच्या मागे आहेत.

हजेरीपटाची कृपा

तुमचा शाळेतला सगळ्यात जवळचा मित्र आठवा. आता तो मित्र कसा झाला ते आठवा. विचार जुळले, आवडी जुळल्या वगैरे नंतरचं. आधी तो बहुतेक तुमच्या बाकावर बसायचा, नाहीतर तुमच्याच रिक्षातून यायचा, नाहीतर हजेरीपटावर तुमच्या पुढे-मागे होता.

जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात हे चक्क तपासून पाहिलं गेलं. पहिल्या दिवशी एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांना चिठ्ठी काढल्यासारख्या जागा देण्यात आल्या. वर्षभराने पाहिलं, तर त्या पहिल्या तासाला शेजारी बसलेल्यांमध्ये मैत्री जास्त घट्ट झालेली होती. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्याही खूप आधी, १९५० मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. तिथेही हेच. ज्यांची दारं शेजारी, त्यांची मैत्री व्हायची शक्यता जास्त. चाळीत वाढलेल्या कुठल्याही आजीला हे संशोधनाशिवाय माहीत असतं, पण ते असो.

म्हणजे मैत्रीची सुरुवात बऱ्याचदा योगायोगाने होते. पण शेजारी बसलेले सगळेच काही मित्र होत नाहीत. तिथून पुढे स्वभाव कामाला लागतो.

आधी स्वभाव की आधी मित्र?

स्वभाव मोजण्यासाठी मानसशास्त्रात पाच पट्ट्या वापरतात. नव्या गोष्टींची ओढ किती, शिस्त किती, बोलकेपणा किती, इतरांशी जुळवून घेणं किती आणि काळजी करण्याची सवय किती. यांनाच 'बिग फाइव्ह' म्हणतात. इन्स्टावरच्या 'तुम्ही कोणत्या प्रकारचे मित्र आहात' या क्विझपेक्षा हे खूप भरवशाचं प्रकरण आहे.

डेनिस कँडेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मित्रांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा माहिती घेतली. मित्र एकमेकांसारखे असतात हे तर दिसलंच, पण का असतात याची दोन उत्तरं मिळाली. काही मुलं मित्र होण्याआधीच एकमेकांसारखी होती. जी मित्र राहिली ती वर्षभरात आणखी सारखी झाली. जी फारशी सारखी नव्हती त्यांची फाटाफूट झाली. निवड आणि संगत, दोन्हींचा वाटा साधारण सारखाच निघाला. म्हणजे घरचे अर्धे बरोबर आणि आपण अर्धे बरोबर. सामना बरोबरीत.

मात्र प्रश्न थेट स्वभावाचा येतो तेव्हा पारडं झुकतं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्या १३२ विद्यार्थ्यांचा दीड वर्ष माग ठेवला गेला. बोलक्या मुलांचं मित्रमंडळ भराभर वाढलं. जुळवून घेणाऱ्यांची भांडणं कमी झाली. म्हणजे स्वभावाने मैत्री ठरवली. उलट दिशेने, मैत्रीमुळे मूळ स्वभावच पालटला, असं त्या दीड वर्षात दिसलं नाही. वाण नाही लागला!

मग गुण? ते लागतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये हॉस्टेलच्या खोल्या जवळपास लॉटरीनेच मिळायच्या. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये दाखवलं, की रूममेट अभ्यासू असेल तर आपल्या मार्कांवर त्याचा परिणाम होतो. कुठल्या क्लबात जायचं, कुठल्या गटात मिसळायचं, यावरही होतो. पण शिकायला विषय कोणता घ्यायचा, यावर रूममेटचा परिणाम दिसला नाही. सवयी बदलल्या, आवड तीच राहिली.

माझ्या हॉस्टेलच्या खोलीचंच बघा ना. माझी रूममेट पहाटे पाचला उठणारी. पहिला महिना मी तिच्या अलार्मवर वैतागले. तिसऱ्या महिन्यात मी साडेसहाला उठायला लागले. पाच काही माझ्याच्याने होणार नाहीत, आणि उठल्यावर पहिला अर्धा तास मी अजूनही कुणाशी धड बोलत नाही. साडेसहा हा माझा गुण, न बोलणं हा वाण.

चौघांत असतो तेव्हाचे आपण

'एकटा असतो तेव्हा किती शहाणा वागतो, मित्र भेटले की काय होतं याला?' हाही घराघरातला प्रश्न. टेम्पल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तो प्रयोगशाळेत नेला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पळवायची ते ठरवायचं. काहींनी एकट्याने आणि काहींनी बरोबरीचे लोक शेजारी बसलेले असताना. २००५ मध्ये निकाल आले. वयाने मोठ्यांना प्रेक्षक असल्या-नसल्याने विशेष फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मात्र मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करला. कॉलेजच्या वयाची मुलंही त्यातून पूर्ण सुटली नव्हती.

आता हे ट्रिपल सीट जाणाऱ्या कुठल्याही तिघांना जोडून बघा. पावसाळ्यात धबधब्याच्या अगदी कडेला उभं राहून काढलेल्या सेल्फीला जोडून बघा. त्यांच्यातला प्रत्येक जण एकटा असता तर बहुधा दोन पावलं मागे थांबला असता. मित्र 'चल रे, काही होत नाही' असं म्हणतातच असं नाही. ते फक्त बघत असले तरी पुरतं. हे कळलं की एक गोष्ट आपल्या हातात येते. कड्यावर उभ्या असलेल्या मित्राला 'मागे हो' म्हणणारा पहिला आवाज आपलाही असू शकतो. तो आवाजही प्रेक्षकांतूनच येतो.

दावणीला कोण बांधतं?

म्हणीतला एक शब्द आपण नेहमी घाईत ओलांडतो. 'बांधला'. पवळ्या आपणहून ढवळ्याशेजारी गेला नाही. त्याला कुणीतरी बांधलं. आपल्यालाही कुणीतरी बांधत असतं, फक्त दोर दिसत नाही.

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये तासभर बसून बघा. इंग्रजी मीडियमवाल्यांचं टेबल वेगळं, गावाकडून आलेल्यांचं वेगळं. हॉस्टेलमध्ये नगरवाले, बीडवाले, जळगाववाले असे आपोआप पडलेले गट. त्याखाली आणखी एक थर असतो, आडनावांचा. तो कुणी मोठ्याने बोलत नाही, पण कोण कुणाच्या डब्यातलं खातं, कुणाच्या रूमवर कोण राहायला जातं, यातून तो कळतो. वर्गात नवीन आल्यावर नाव सांगितलं, की 'पूर्ण नाव काय?' हा पुढचा प्रश्न येतो. तो का येतो, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही.

मराठवाड्यातून आलेला माझ्या वर्गातला एक मित्र सांगतो, की पहिलं अख्खं वर्ष तो कँटीनमध्ये गेलाच नाही. तिथे ऑर्डर देताना आपली भाषा ऐकून कुणी हसेल, या भीतीने. वर्गात सगळे त्याला 'शांत मुलगा' म्हणायचे. दुसऱ्या वर्षी एकांकिकेच्या तालमीला बॅकस्टेज करायला माणसं कमी पडली म्हणून त्याला ओढून नेलं. आज तालमीत सगळ्यात जास्त आवाज कुणाचा, विचारू नका. मग तो शांत होता की त्याला शांत केलं गेलं होतं? बर्लिनच्या अभ्यासात बोलक्या मुलांना मित्र लवकर मिळाले हे खरंच. पण कुणाला बोलायला जागा मिळते आणि कुणाला नाही, हा आपल्याकडचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

या दावणी सोडवता येतात का? येतात, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. दिल्लीतल्या मोठ्या खासगी शाळांना गरीब घरातल्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या, तेव्हा त्याचा श्रीमंत मुलांवर काय परिणाम होतो, हे गौतम राव या अर्थतज्ज्ञाने पाहिलं. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार झाली आणि भेदभाव कमी करायला लागली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, धावायला कमी पण आपल्यासारख्या घरातला गडी घेण्यापेक्षा वेगाने पळणारा गरीब मुलगा निवडायला ती कमी बिचकली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पडायचे. तिथे लक्षात आलं, की बदल मुख्यतः प्रत्यक्ष एकत्र काम केल्याने होतो. पुन्हा हजेरीपटाचीच कृपा!

दुसरा प्रयोग तर क्रिकेटचा. मॅट लो या संशोधकाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींतल्या तरुणांसाठी महिनाभराच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, आणि कोण कुठे हे चिठ्ठीने. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. मिश्र संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. पण दुसऱ्या जातीचे लोक फक्त समोरच्या संघात भेटले, तर परिणाम साधारण उलटा झाला. म्हणजे नुसतं एका मैदानावर येऊन भागत नाही. एकाच बाजूने खेळावं लागतं. 'आमच्या कॉलेजात सगळे एकत्रच असतात' असं म्हणण्याआधी हे आठवलेलं बरं. एकत्र असणं आणि एका संघात असणं यांत फरक आहे.

दोस्ती तुटली, काम उरलं

मैत्रीने माणूस घडतो, मग मैत्री तुटल्यावर काय? याचं उदाहरण पुण्यातच आहे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघांचाही जन्म जुलै १८५६ चा. डेक्कन कॉलेजात दोघं जोडीदार झाले. आज आपण ज्या वयात इंटर्नशिपसाठी मेल टाकत असतो, साधारण त्या वयात सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असं त्यांनी ठरवलं. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघंही डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस राहिले. एवढी पक्की दोस्ती.

आणि तरीही ती फाटली. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर १८९५ मध्ये वयाची चाळिशीही न गाठता गेले.

मला यातलं भांडणापेक्षा वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. ज्या हट्टामुळे दोघं एकत्र आले, त्याच हट्टामुळे वेगळे झाले. स्वभाव बदलला नाही, पण वर्षानुवर्षांच्या वादांनी दोघांनाही आपापली बाजू पाजळायला लावली. ग्रुपमध्ये आपलं म्हणणं खोडून काढणारा कुणीच नसेल, तर आपलं म्हणणं काय आहे हे तरी आपल्याला नीट कळतं का? सगळे 'हो ना यार' म्हणणारेच असतील, तर पवळ्याला कुणाचाच गुण लागायचा नाही.

दोनशे तासांचा हिशोब

कॉलेज संपलं की मैत्री आटते, हे सीनियर सांगतात तेव्हा आपण 'आमचं तसं होणार नाही' म्हणतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला हिशोब ऐका. ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, खरा मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त. आणि हे तास नुसते एकत्र काम केल्याचे फारसे उपयोगी नाहीत. गप्पा, टवाळक्या, भटकणं यांचे हवेत.

आता हे आपल्या आयुष्यात बसवू. कट्ट्यावर रोज दोन तास टाइमपास म्हणजे २०० तास शंभर दिवसांत. एक सेमिस्टर! नोकरीत जेवणाच्या सुट्टीतली अर्ध्या तासाची गप्पा, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे अडीच तास. २०० तासांना ८० आठवडे. दीड वर्ष, तेही दोघांपैकी कुणी कंपनी बदलली नाही तर. वर्क फ्रॉम होम असेल तर हिशोबच नको. कॉलेजचे मित्र खास असतात यात जादू वगैरे काही नाही. तेवढे तास पुन्हा कुणी आपल्याला फुकट देत नाही, इतकंच.

आणि नेमकं याच काळात आपण सगळ्यात जास्त बदलत असतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर स्वभावातले मोठे बदल विशी ते चाळिशीत दिसले. माणसं जबाबदार होतात, शांत होतात. दीड वर्षात न दिसणारा बदल वीस वर्षांत दिसतो, कारण मध्ये नोकरी येते, जोडीदार येतो, जबाबदाऱ्या येतात. बाविशीत आपण अजून तव्यावरच आहोत. नेमकी हीच वेळ मित्र विखुरण्याची.

आईचा ग्रुप

यात मुलींचा हिशोब आणखी वेगळा. माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रिणी लग्नानंतर वेगवेगळ्या गावी गेल्या आणि जवळपास पंचवीस वर्षं एकमेकींना भेटल्या नाहीत. बाबांचे मित्र मात्र तेच, तसेच, दर रविवारी घरी चहाला. आईच्या मैत्रिणी म्हणजे बाबांच्या मित्रांच्या बायका. हे विचित्र आहे, असं मला कधी वाटलंही नव्हतं. मग कुणीतरी त्यांच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. आता आई फोनवर कुणाला तरी 'ए गधडे' म्हणते आणि शिट्टी वाजवता येते हे आम्हाला दाखवते. शिट्टी नवी नाही, शाळेतलीच आहे. ती ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून पंचवीस वर्षं वाजली नव्हती.

वय वाढतं तसं मित्रमंडळ लहान होतं, आणि ते दर वेळी दुःखाचं नसतं. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन सांगतात, की हातातला वेळ कमी आहे हे उमगलं, की माणसं ओळखीपाळखी कमी करतात आणि मोजक्या जवळच्यांना जपतात. बागेतल्या बाकावर रोज संध्याकाळी बसणारे तेच ते चार आजोबा पाहिले की हे पटतं. १९३८ पासून चाललेल्या हार्वर्डच्या अभ्यासात तर पन्नाशीतली नात्यांची गोडी ही ऐंशीतल्या तब्येतीचा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षाही चांगला देते, असं दिसलं. पण तो अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यात फक्त पुरुष होते. माझ्या आईची पंचवीस वर्षं कुणी मोजलेली नाहीत.

मग करायचं काय?

मोठं काही नाही. तासांचा हिशोब कळलाय, तर ते तास कुणाला द्यायचे ते थोडं ठरवून द्यायचे. प्रोजेक्टचे गट पडतील तेव्हा एकदा तरी दुसऱ्या टेबलावरच्या कुणाला आपल्या गटात ओढायचं, समोरच्या नाही. आपल्याला खोडून काढणारा एक मित्र सांभाळायचा, त्याचा राग आला तरी. लग्न ठरलेल्या मैत्रिणीला 'आता काय, तू बिझी' म्हणून सोडून द्यायचं नाही, उलट फोन आपण करायचा. आणि आईला एकदा विचारायचं, शाळेत तुझ्या बाकावर कोण बसायचं गं?

वाण बदलत नाही म्हणतात, नसेल बदलत. गुण मात्र लागतच राहणार आहेत, साठीतसुद्धा. कुणाचे लागू द्यायचे, तेवढं दावण सोडून एकदा बघायला काय हरकत आहे?